जळगाव ते धुळे, अडतीस मिनिटं

देवपुरातल्या त्या गल्लीत सकाळी नऊलाच ऊन एवढं तापलं होतं, की मातीला आलेली माणसं भिंतीला पाठ लावून सावलीत एका रांगेत उभी होती. सावली सरकली की रांगही सरकत होती. आत भटूआबा थंडाव्याच्या काचपेटीत होते. पेटीचं मशीन घरघर करत होतं. त्यांच्या मुलीला, वृषालीला, एकसारखं वाटत होतं, की आबा गाडी चालूच ठेवून चहाला उतरलेत.

सव्वीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली एकोणीस धुळे-जळगाव. त्या गाडीबद्दल त्यांच्या दोनच बढाया होत्या. एक म्हणजे आपण कधी कुणाला धक्का लावला नाही. आणि दुसरी, पळत येणाऱ्या माणसाला मागे टाकून गाडी कधी काढली नाही. दुसरीपायी कंडक्टर लोक त्यांच्यावर चिडायचे. घंटी दोनदा वाजली तरी आबा आरशात बघत बसायचे. म्हणायचे, "येऊ दे रे, त्याच्या हातात पिशवी आहे."

त्यांना जाऊन रात्र उलटली होती. काल संध्याकाळी साडेसहाला ते गेले आणि प्रशीलला, म्हणजे वृषालीच्या धाकट्या भावाला, हैदराबादला फोन गेला. त्याला सकाळच्या विमानात जागा मिळाली नाही, दुपारच्या मिळाली. दोन वीसला जळगावला उतरणार होता.

"जळगाव म्हंजे घर का?" चुडामण नाना म्हणाले.

चुडामण नाना आबांचे थोरले चुलतभाऊ. कलेक्टर कचेरीतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण भाऊकीतलं लग्न असो, साखरपुडा असो की माती, वेळ नानाच सांगायचे. आणि नानांनी एकदा सांगितलेली वेळ बदलत नसे. नवरदेवाच्या घोड्याचा नाल निखळला म्हणून एकदा वरात अर्धा तास उशिरा निघाली, तर नाना न जेवता घरी निघून गेले होते.

"बारा वाजेले काढू," नाना म्हणाले. "ऊन दखा. लाईटना काही भरोसा नही, मशीन बंद पडनं तं काय करशात? चाळीसगावना लोक उनात, त्यास्ले संध्याकाळनी पॅसेंजर शे."

"नाना, प्रशील..."

"मी नही कोठे म्हनस? पन जळगावथून अठे यायले कितला टाईम लागस, ते तं सांग. दख तुना मोबाईलमा."

वृषालीला तो रस्ता माहीत नव्हता असं नाही. लहानपणी बापाच्या गाडीत इंजिनाच्या बॉनेटवर बसून तिनं तो शंभरदा पाहिला होता. पण दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता आणि नाना समोर उभे होते, तेव्हा तिनं सांगितलेलं केलं. जळगाव एअरपोर्ट ते धुळे, असं टाईप केलं आणि पहिलं जे आलं ते मोठ्यानं वाचलं.

"जळगाव विमानतळ ते धुळे विमानतळ. अंतर नव्वद किलोमीटर. उड्डाणाचा वेळ, अडतीस मिनिटं."

"अडतीस मिनिट!" नाना म्हणाले. भिंतीच्या रांगेत ते आकडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. नानाच पुढे म्हणाले, "चालू व्हयनं वाटस गोंदूरनं इमान. दर निवडनूकले सांगतच व्हतात."

हे मात्र खरं होतं. धुळ्याशेजारी गोंदूरला धावपट्टी आहे आणि तिथून प्रवासी विमान सुटणार, हे धुळ्यातली माणसं लग्नाच्या वयाची होती तेव्हापासून ऐकत आली होती. आता त्यांची नातवंडं लग्नाला आली. इतकी वर्षं जी गोष्ट होणार होणार म्हणून ऐकली, ती आपल्याला न सांगता एखाद्या मंगळवारी होऊन गेली असेल, असं कुणालाही वाटू शकतं.

वृषालीचा अंगठा तेवढ्यात खाली सरकला होता. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की या मार्गावर सध्या कोणतीही विमानसेवा उपलब्ध नाही आणि वरचा वेळ केवळ अंतरावरून काढलेला आहे.

तिनं तोंड उघडलं. नाना एव्हाना फोनवर होते.

"साडेतीन! हां, पक्का साडेतीन. दोन वीसले उतरस, अडतीस मिनिट धुळं, पंधरा मिनिट घर. प्रशील इमानमा येई ऱ्हायना, थेट!"

वृषालीनं तोंड मिटलं.

तिची नजर आईकडे गेली. द्रौपदाबाई पेटीला टेकून बसल्या होत्या, पांढरं पातळ, कपाळ मोकळं. आणि त्या वृषालीकडेच बघत होत्या. ह्या बाईला एकोणीस वर्षं जळगावची गाडी कुठवर आली ते घड्याळाशिवाय कळत होतं. गाडी जळगावहून सुटली की पीठ चाळायचं, पारोळं आलं की चूल, मुकटी गेलं की तवा. आबा दारात चप्पल काढायचे तेव्हा भाकरी पानात गरम असायची. जळगाव ते धुळे किती, हे त्या बाईला कुठल्या मोबाईलनं सांगायला नको होतं.

द्रौपदाबाई म्हणाल्या, "नानास्ले पानी दे, वृषाली. बोली बोली घसा कोरडा पडना व्हई."

एवढंच.

*

आता न बोलण्याची दोन कारणं होती. वृषालीनं ती दोन्ही स्वतःपाशी कबूल केली, कारण मढ्यासमोर बसून स्वतःशी तरी खोटं काय बोलायचं.

पहिलं कारण सरळ होतं. खरं सांगितलं असतं, की नाना, साडेचार-पावणेपाच होतील, तर नानांनी बारालाच काढली असती. साडेतीनपर्यंत थांबायला माणसं तयार होती, पाचपर्यंत झाली नसती. एकदा साडेतीनपर्यंत थांबली की पुढचं पुढे बघता आलं असतं.

दुसरं कारण काल दुपारचं होतं.

लकवा झाल्यापासून दोन वर्षं आबा खाटेवर होते. वृषालीचं सासर दोन गल्ल्या पलीकडे, तेव्हा शाळेच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तीच येत होती. कूस बदलायची, अंग पुसायचं, दाढी करायची. प्रशील रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. तिकडून म्हणायचा, "आबा, छान दिसताय," आणि इकडे वृषालीच्या हातात दाढीचा ब्रश असायचा. गेल्या महिन्यात तिनं त्याला सांगितलं होतं, ये. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात नक्की. परवा पुन्हा सांगितलं, तेव्हा तिचा आवाज चढला. "यायचं तर ये, नाहीतर नको येऊस," म्हणून तिनं फोन ठेवला होता.

आणि काल दुपारी आबांचं बोलणं चळलं. त्यांना वाटायला लागलं, की प्रशील जळगावच्या गाडीत बसलाय. दर थोड्या वेळानं विचारायचे. एरंडोल उनं का? पारोळं उनं का? वृषाली आधी म्हणाली, "आबा, तो हैदराबादला आहे." तर आबांचा चेहरा असा झाला, की जणू स्टँडवर गाडी लागली आणि आत कुणीच नाही. मग पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, "मुकटी उनं का?" तेव्हा ती म्हणाली, "आलं आबा. मुकटी आलं आत्ताच."

"मंग वीस मिनिट," आबा म्हणाले. अगदी स्वच्छ. आणि डोळे मिटले. त्यानंतर बोलले नाहीत.

मरणाऱ्या माणसाला तिनं सांगितलं होतं, की पोरगा मुकटीपर्यंत आला. आता तो खरोखर मुकटीला येण्याआधी आबांना कसं नेऊ द्यायचं? प्रशीलवर तिचा राग होता, पुष्कळ होता. बाराला नेलं असतं तर त्याला जन्मभर कळलं असतं, हेही सकाळी एकदा मनात येऊन गेलं होतं. पण थापेचं देणं प्रशीलला नव्हतं. ते आबांना होतं.

*

दोन पस्तीसला मेसेज आला. उतरलो अक्का.

"उतरला," वृषाली म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

नानांनी दारात जाऊन जाहीर केलं, "उतरना! आते अडतीस मिनिट!"

यानंतर गल्लीत जे झालं ते वृषालीला पुढे कित्येक दिवस आठवणार होतं. पांढऱ्या कपड्यांतली तीस-चाळीस माणसं, त्यात चाळीसगावचे गुडघे दुखणारे म्हातारे, सगळी हळूहळू मान वर करून आकाशाकडे बघायला लागली. कुणी कपाळावर हात धरला होता. बायका उंबऱ्यापर्यंत आल्या. आकाशात काही नव्हतं, एक घार होती. ती लांबवर वळली तेव्हा कुणीतरी "ते दखा" म्हणालं, आणि कुणी हसलं नाही.

आत द्रौपदाबाई पेटीच्या काचेवरून हात फिरवत होत्या. काचेच्या आतून वाफ धरली होती, तरी बाहेरून पुसत होत्या.

"आते गावमाच व्हई जळगावना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.



सव्वातीनला म्हणाल्या, "एरंडोल."

आणि त्याच सुमाराला कौतिक आला.

कौतिक आबांच्या गाडीवर सहा वर्षं कंडक्टर होता. राहायला गोंदूरला, शेताचा बांध धावपट्टीच्या कुंपणाला लागलेला. त्याला मोटरसायकल घराशी लावायलाही न देता नानांनी विचारलं, "काय रे, इमान उतरनं का?"

"कसानं इमान?"

"प्रशीलनं. जळगावथून."

कौतिकनं सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांच्या माना अजून अर्ध्या वर होत्या. "नाना, आमना गोंदूरले शिकाऊ पोरेस्ना इमान फिरतस. चक्कर मारतस आनि तठेच उतरतस. त्याबी आज बंद शेतस. प्रवासी इमान कोठे उनं तठे?"

मशीनची घरघर बाहेरपर्यंत ऐकू यायला लागली.

नाना घरात आले. त्यांनी आवाज चढवला नाही. कचेरीत एखादा कागद चुकीचा निघाला की ते असेच हळू बोलत असणार.

"वृषाली. तू म्हणालीस, अडतीस मिनिटं."

नाना शुद्ध बोलायला लागले की भाऊकी घाबरायची.

"मोबाईलमध्ये होतं ते वाचलं नाना," ती म्हणाली. मग तिला वाटलं, अर्धं सांगायचं तर कशाला सांगायचं. "खाली लिहिलं होतं, विमान नाही म्हणून. तेही वाचलं. तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही बाराला काढली असती."

"मी चाळीसगावपर्यंत सांगितलं. ग्रुपवर टाकलं. इमान येई म्हनीसन चाळीस लोक उनमा उभा शेतस. मन्ही काय शोभा व्हयनी, समजस का तुले?" शुद्ध मराठी मधेच सुटली, आणि त्याबरोबर त्यांचा आवाजही. "मोठी मानूस तू. बापनी मातीले खोटं बोलनी!"

वृषालीला रडू यायला हवं होतं. कालपासून आलं नव्हतं आणि आत्ताही आलं नाही. ती म्हणाली, "हो नाना."

"कितला वाजता येई तो?"

वृषाली घड्याळाकडे बघायला लागली. उत्तर पेटीकडून आलं.

"पावणेपाच," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आते एरंडोल सोडं त्यानी."

नाना वळले. "तुले माहीत व्हतं, द्रौपदा?"

"एकोणीस वरीस भाकरी मीच टाकू ना, नाना."

नानांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. दारातून माणसं आत डोकावत होती. "साडेतीन सांगेल शे मी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता हुकूम नव्हता, होती ती अडचण होती. "आज लगून मना टाईम चुकना नही. आते काय सांगू लोकस्ले?"

द्रौपदाबाई उठल्या. उठताना पेटीचा आधार घेतला.

"काही नका सांगू. साडेतीनलेच काढा. तुमना शब्द राहू द्या." त्यांनी पदर नीट घेतला. "पन गाडी यास्नी शे. ती यास्ना परमानं चालू द्या. हे काही उडत नही जायेत कधी. स्टॉपवर थांबेत."

नानांनी रुमाल खिशात ठेवला आणि ते बाहेर गेले.

"चला," त्यांचा आवाज आला. "साडेतीन व्हयनात."

*

साडेतीनला माती निघाली. ज्यांना नंतर शंका काढायची असेल त्यांनी घड्याळं बघून घ्यावीत, म्हणून नानांनी स्वतःचा हात वर करून घड्याळ दाखवलं. दारात त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या उन्हात पेटल्या की नाही ते दिसतही नव्हतं. बायकाही बरोबर निघाल्या. पुढच्या खांद्याला कौतिक होता.

घरापासून पांझरेच्या काठच्या स्मशानभूमीपर्यंत चालत वीस मिनिटं लागतात.

पहिल्यांदा नाना गल्लीच्या तोंडाशी थांबले. "खांदा बदला."

"आत्ताच तं उचलनं, नाना," कुणीतरी म्हणालं.

"बदला म्हनस ना."

मग शाळेच्या फाटकाशी थांबले. मग पाण्याच्या टाकीशी. मग रिक्षा स्टँडवर, तिथे चार रिक्षावाले उतरून हात जोडून उभे राहिले, आणि त्यातल्या एकानं आबांच्या गाडीनं कॉलेजला गेल्याची आठवण सांगितली. नानांनी ती पूर्ण ऐकून घेतली. शिवाय विचारलं, "कोन्तं साल?" तिथे सात मिनिटं गेली. चाळीसगावच्या एका म्हाताऱ्यानं पॅसेंजरचं काय म्हणून विचारलं, तर दुसरा म्हणाला, "जाऊ दे, एस्टीनं जाऊत. भटूना नावनं."

कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण चौथ्या थांब्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मागचे लोक पाय उचलून अर्ध्या वितीवर टाकत होते. बुद्धं सरणं गच्छामि इतक्या संथ लयीत याआधी देवपुरात कुणी म्हटलं नसेल. मधेच कौतिकनं सवयीनं जीभ टाळ्याला लावून दोनदा टिंग-टिंग केलं, आणि स्वतःच दचकून गप्प झाला. द्रौपदाबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. हसू होतं की दुसरं काही, वृषालीला कळलं नाही.

"पारोळं गयं," त्या म्हणाल्या.

नानांच्या सदऱ्याची पाठ भिजून चिकटली होती. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस उन्हात अनवाणी चालत होता, आणि दर शंभर पावलांवर थांबायला काहीतरी कारण शोधत होता. वृषालीनं पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी तिच्याकडे न बघता घेतली. राग गेला नव्हता. जायलाही नको होता.

चार वीसला पुलापाशी आले. पुलाच्या बाजूनं खाली उतरलं की स्मशानभूमी, पुढे थांबण्यासारखं काही नव्हतं. नानांनी पुलाचा कठडा बघितला, नदीचं आटलेलं पात्र बघितलं, पलीकडच्या टपरीवरची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आता त्यांच्याकडे स्टॉप उरला नव्हता.

तेवढ्यात वृषालीचा फोन वाजला.

"अक्का." गाडीच्या आवाजात त्याचा आवाज तुटत होता. "अक्का, मी रस्त्यात आहे. तुम्ही... झालं का?"

"कुठे पोचलास?"

"आत्ता मुकटी गेलं."

फोन तसाच हातात धरून ती पुढे गेली, खांदेकऱ्यांच्या मधून वाट काढत, आणि तिरडीशेजारी टाचा उंच करून आबांच्या कानापाशी तोंड नेलं.

"आबा," ती म्हणाली. "मुकटी उनं."

कालचं रडू तेव्हा आलं. मोठ्यानं आणि कुरूप आलं, नाक वाहत, आणि सगळ्या भाऊकीसमोर. द्रौपदाबाईंनी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला.

नानांनी सगळं ऐकलं होतं. "खाली ठेवा," ते म्हणाले.

"रस्तामा, नाना?"

"रस्तामा. वीस मिनिट." आणि स्वतः पुलाच्या कठड्याच्या पायरीवर बसले.

वीस मिनिटं गाड्या एका बाजूनं हळू जात होत्या. एक एसटी आली, तिच्या ड्रायव्हरनं वेग अगदी कमी केला, टोपी काढली आणि हॉर्न न वाजवता गाडी काढली.

मग पुलाच्या पलीकडे वाहनं अडली, तिथे एका गाडीचं दार उघडलं आणि एक माणूस पळत सुटला. पाठीवर सॅक, हातात दुसरी पिशवी, पायात ऑफिसचे बूट. बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, पळायची सवय गेलेला. मधेच चालायचा, पुन्हा पळायचा. त्याला वाटत होतं, की आपण पोचायच्या आत ही माणसं उचलतील. तो लांबूनच हात वर करत होता.

"येऊ दे रे," कौतिक कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. "पिशवी शे हातमा."

प्रशील आला. आईच्या पायाशी बसला, आबांच्या पायाशी बसला. वृषालीनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. त्याच्या मानेवरचा घाम आपल्या पदरानं पुसला, जरा जोरातच.

नाना उठले, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांनी घड्याळ बघितलं आणि ते कुणाला दाखवलं नाही.

"अडतीस मिनिट," ते प्रशीलला म्हणाले. त्याला काही कळलं नाही. तो नुसता मान हलवत राहिला.

"चला. उचला."

प्रशील पुढच्या खांद्याला लागला. घरात सगळ्यांत उंच तोच. तिरडी त्याच्या बाजूनं वर गेली आणि आबा एका कुशीवर कलले. दोन वर्षं कूस बदलून ज्या हातांना सवय झाली होती, ते वृषालीचे हात आपोआप पुढे गेले आणि त्यांनी आबांना सरळ धरलं.

"वाकून चाल," ती प्रशीलला म्हणाली.

तो वाकला आणि उतार संपेपर्यंत तसाच चालला.